बोट की पडदा? भिलाईतल्या एका कॅमेऱ्याच्या शटरची गोष्ट

आज माझ्यासमोर टेबलावर एक जुना कॅमेरा उघडा पडला आहे. झाकण एकीकडे, लेन्स दुसरीकडे, आणि बशीत काढून ठेवलेले बारीक स्क्रू. हा कॅमेरा दुरुस्त करता करता मला आमच्या घरातल्या एका चाळीसेक वर्षांपूर्वीच्या आरोपाचा निकाल लागलेला दिसला. म्हणून आजचा भाग शटर या वस्तूच्या इतिहासावर आहे, आणि थोडा त्या आरोपावरही.

आधी आरोप सांगतो. आमचं बालपण भिलाईत गेलं. भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात पोलाद कारखान्याचा करार 1955 साली झाला आणि 4 फेब्रुवारी 1959 रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचं उद्घाटन झालं. तेव्हाचं मध्य प्रदेश, आताचं छत्तीसगड. विदर्भातून जी मराठी कुटुंबं तिकडे नोकरीला गेली त्यांतलं आमचं एक. बाबा फिटर होते. मायदेशी परतणाऱ्या एका सोव्हिएत तंत्रज्ञाकडून त्यांनी 1960च्या दशकात हा कॅमेरा विकत घेतला. त्यावर रशियन लिपीत तीन अक्षरं कोरलेली आहेत: फ, ए, द. फेड. वसाहतीत सगळे त्याला 'रशियन कॅमेरा' म्हणायचे.

मे 1979 मध्ये ताईचं लग्न झालं. फोटो बाबांनी काढले. रोल धुऊन आले तेव्हा दिवसा मांडवाबाहेर काढलेल्या जवळजवळ प्रत्येक फोटोत उजव्या कडेला काळी पट्टी होती. त्यातल्या एका फोटोत ताईच्या उजव्या अंगाला आजी उभी होती. पट्टीत आजी गेली. पदराचं टोक आणि ताईच्या खांद्यावरची चार बोटं, एवढीच आजी उरली. त्याच पावसाळ्यात आजी वारली. ताईबरोबरचा तिचा दुसरा फोटो नाही.

सगळ्यांनी ठरवलं की बाबांचं बोट लेन्ससमोर आलं. आरोप अगदीच अतार्किक नव्हता. या जातीच्या कॅमेऱ्यात आपण लेन्समधून पाहत नाही, शेजारच्या छोट्या खिडकीतून पाहतो. बोट आडवं आलं तरी कळत नाही. 'बाबांचं बोट' हा घरातला कायमचा विनोद झाला. बाबाही तर्जनी वर करून हसायचे. ताई मात्र त्यावर फारशी हसल्याचं मला आठवत नाही.

आता इतिहासाकडे येऊ, कारण निकाल समजायला शटर म्हणजे काय ते आधी कळायला हवं.

फोटोग्राफीच्या सुरुवातीला शटर नव्हतंच. 1838 मध्ये पॅरिसमध्ये दागेरने आपल्या खिडकीतून बुलवार द्यू ताँप्ल या रस्त्याचा फोटो घेतला. गजबजलेला रस्ता, पण चित्रात जवळपास रिकामा दिसतो. प्रकाश उमटायला कित्येक मिनिटं लागत होती, आणि चालणारी माणसं, घोडागाड्या तेवढा वेळ एका जागी थांबल्या नाहीत. बूट पॉलिश करून घेणारा एक माणूस उभा राहिला, म्हणून तो उमटला. त्या काळात लेन्सवरचं झाकण काढायचं, मनात आकडे मोजायचे आणि झाकण परत लावायचं, हेच शटर. 1854 मध्ये मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली आणि डॉ. नारायण दाजींसारखे लोक त्यात पुढे होते, तेव्हाही हाताने झाकण काढणं हीच रीत होती. जुन्या फोटोंतली माणसं ताठ आणि गंभीर दिसतात, त्यामागे स्वभावाइतकंच हे मोजणंही आहे.

1871 मध्ये रिचर्ड मॅडॉक्स या इंग्रज डॉक्टराने जिलेटिनच्या कोरड्या काचेची कल्पना मांडली. पुढच्या दहाएक वर्षांत अशा काचा तयार मिळू लागल्या आणि एक्सपोजर सेकंदाच्या लहानशा भागावर आलं. माणसाचा हात एवढा चपळ नाही. 1878 मध्ये कॅलिफोर्नियात मायब्रिजने धावत्या घोड्याचे फोटो घेतले ते ओळीने मांडलेल्या कॅमेऱ्यांनी आणि विजेवर सुटणाऱ्या झडपांनी. यंत्राशिवाय आता गत्यंतर नव्हतं.

या यंत्राची दोन मोठी घराणी झाली. पहिलं लेन्सच्या पोटात बसणाऱ्या पात्यांचं. पाती मधून उघडतात आणि मिटतात. म्युनिकच्या डेकेल कारखान्याचं 1912 चं कॉम्पुर शटर हे यातलं गाजलेलं नाव. त्यात वेळ मोजायला घड्याळासारखी दातेरी चाकं होती. दुसरं घराणं फिल्मच्या अगदी पुढ्यात धावणाऱ्या पडद्याचं. आमचा फेड या दुसऱ्या घराण्यातला.

पडद्याचं तत्त्व ऐकायला विचित्र वाटतं. एकामागून एक असे दोन कापडी पडदे असतात. खटका दाबला की पहिला पडदा सुटतो आणि फिल्म उघडी पडते. थोड्या अंतराने दुसरा सुटतो आणि तिला झाकत जातो. दोघांच्या मध्ये जी फट राहते ती फिल्मवरून झाडू फिरवल्यासारखी सरकत जाते. पडद्यांचा वेग सगळ्या आकड्यांना सारखाच असतो. बदलते ती फटीची रुंदी. हिशेब करून पाहा. चौकट 36 मिलिमीटर लांब. ती पार करायला पडद्याला समजा सेकंदाचा पन्नासावा भाग, म्हणजे 20 मिलिसेकंद लागतात. पाचशेवर ठेवलं तर प्रत्येक बिंदूला 2 मिलिसेकंदच प्रकाश मिळायला हवा. म्हणजे फट साडेतीन मिलिमीटरच्या आसपास. तीसवर ठेवलं तर मात्र पहिला पडदा टोकाला पोचेपर्यंत दुसरा सुटलेलाच नसतो, पूर्ण चौकट एकदम उघडी राहते. म्हणून अशा कॅमेऱ्यात फ्लॅश तीसवर चालतो, पाचशेवर नाही. हा तीस आणि पाचशेचा फरक लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

फट सरकते, म्हणजे फोटोचा एक भाग आधी टिपला जातो आणि दुसरा नंतर. फ्रेंच फोटोग्राफर लार्तिगने ऐन तारुण्यात मोटारशर्यतीचा एक फोटो घेतला. त्यात गाडीचं चाक लंबगोल होऊन पुढे झुकलंय आणि मागचे प्रेक्षक उलट दिशेला कललेत. गाडी तशी नव्हती, माणसंही नाहीत. फट सरकेपर्यंत गाडी पुढे गेली होती आणि गाडीमागे कॅमेरा फिरत होता. तुमच्या मोबाईलवर पंख्याची पाती वाकडी दिसतात, तिथेही जवळपास हेच घडतं. मोबाईलचा सेन्सर ओळीओळीने वाचला जातो.

या पडद्याला खिशात आणलं ऑस्कर बार्नाकने. जर्मनीतल्या वेत्झलारच्या लाइट्झ कारखान्यात तो काम करत होता. त्याला दम्याचा त्रास होता, जड कॅमेरा आणि काचा उचलून फिरणं झेपत नव्हतं. त्याने सिनेमाची 35 मिलिमीटर फिल्म आडवी घातली आणि 24 बाय 36 ची चौकट केली. पहिल्या नमुन्यात एक अडचण होती. फिल्म पुढे सरकवताना पडद्यांमधली फट उघडीच राहायची, त्यामुळे लेन्सवर झाकण धरावं लागायचं. 1925 मध्ये लायपझिगच्या जत्रेत लायका विक्रीला आला तेव्हा ती दुरुस्त झाली होती. परतताना दोन्ही पडदे एकमेकांवर चढून फट बंद ठेवत.

आणि आता आमचा फेड. युक्रेनमधल्या खारकिव शहराजवळ 1927 च्या अखेरीस अनाथ, रस्त्यावर वाढलेल्या मुलामुलींसाठी एक श्रम-कम्यून सुरू झाला. शिक्षणतज्ज्ञ अंतोन माकारेंको त्याचे प्रमुख होते. महायुद्ध, यादवी आणि दुष्काळ यांनी तिथे लाखो मुलं उघड्यावर टाकली होती. या मुलांनी अर्धा दिवस शिकायचं आणि अर्धा दिवस कारखान्यात काम करायचं. आधी त्यांनी विजेची ड्रिल मशीन बनवली. मग एक लायका उघडून, मोजून, त्याची नक्कल सुरू केली. 1934 पासून हे कॅमेरे नियमित बाहेर पडू लागले. एका मिलिमीटरच्या शंभराव्या भागाचं काम ही मुलं करत होती.

पण ही गोष्ट फक्त गोड नाही. फेड ही फेलिक्स एदमुंदोविच झेर्झिन्स्की या नावाची आद्याक्षरं. हा माणूस सोव्हिएत गुप्त पोलिसांच्या पहिल्या यंत्रणेचा संस्थापक. कम्यून त्याच खात्याच्या छत्राखाली होता आणि सुरुवातीच्या फेडवर त्या खात्याचं नावही कोरलेलं असे. मुलांना ज्याने छप्पर दिलं त्याच खात्याने त्याच वर्षांत किती घरं मोडली, हे इतिहासाला ठाऊक आहे. दोन्ही गोष्टी एकाच झाकणावर कोरलेल्या आहेत. कॅमेरा हातात घेताना मला त्यातली एकही पुसता येत नाही.

1941 मध्ये जर्मन सैन्य आलं आणि कारखाना सैबेरियातल्या बेर्द्स्कला हलवावा लागला. युद्धानंतर खारकिवमध्ये काम पुन्हा उभं राहिलं, आणि 1955 मध्ये फेड-2 आला. आमचा तोच. म्हणजे ज्याला आम्ही रशियन कॅमेरा म्हणत होतो तो युक्रेनचा. 2022 पासून त्या शहरावर पडणाऱ्या बॉम्बच्या बातम्या पाहताना आपल्या कपाटातली एक वस्तू तिथली आहे, हे आठवत राहतं.

आता दुरुस्ती. दोन वर्षांपूर्वी कपाट आवरताना कॅमेरा निघाला. सहज एक रोल भरला, अंगणात वेगवेगळ्या आकड्यांवर फोटो काढले आणि रोल धुवायला टाकला. फोटो हातात आले आणि मी खाली बसलो. तीसवरचे फोटो पूर्ण होते. पाचशेवरच्या प्रत्येक फोटोत उजव्या कडेला काळी पट्टी होती. अगदी ताईच्या लग्नातली.

हा पडद्याच्या शटरचा जुना, सगळ्या जाणकारांना माहीत असलेला आजार आहे. पहिला पडदा रेंगाळला किंवा दुसरा जास्त जोरात सुटला, तर वाटेत दुसरा पहिल्याला गाठतो. फट अरुंद होत जाते आणि शेवटी मिटते. तिथून पुढे अंधार. फट मोठी असते तेव्हा हा फरक लपतो, बारीक असते तेव्हा उघडा पडतो.

मी लग्नाचे फोटो आणि निगेटिव्ह काढले. बोट असतं तर सावली गोलसर आणि दर फोटोत वेगळी असती. ही पट्टी वरपासून खालपर्यंत सरळ होती, हळूहळू गडद होत गेलेली. कॅमेरा उभा धरून काढलेल्या फोटोतही ती निगेटिव्हच्या त्याच कडेला होती. आणि संध्याकाळी फ्लॅश लावून, म्हणजे तीसवर काढलेले सगळे फोटो स्वच्छ होते. बोटं तर सकाळ-संध्याकाळ तीच होती. बाबा निर्दोष होते.

दुरुस्तीसाठी मी दुर्गच्या एका वयस्क घड्याळजींकडे जाऊ लागलो. शटर काय आणि घड्याळ काय, स्प्रिंग, चाकं आणि वंगण यांचाच खेळ. मी त्यांना सांगितलं, स्प्रिंगचा ताण वाढवू या का? कॅमेऱ्याच्या तळाशी दोन्ही पडद्यांच्या रुळांचे स्क्रू असतात, ते फिरवून ताण कमी-जास्त होतो. ते म्हणाले, "पहले धोना, बाद में कसना." पन्नास-साठ वर्षांचं ग्रीस मेणासारखं घट्ट झालेलं असतं. ते तसंच ठेवून स्प्रिंग आवळली तर चार दिवस चालतं, पुढे पडदा फाटतो.

मग आम्ही धुतलं. सफाईच्या पेट्रोलमध्ये बारीक ब्रश बुडवून रुळांची टोकं, चाकं पुसली. पेट्रोल पडद्याच्या रबराला लागू नये म्हणून मध्ये कागद धरला. घड्याळाचं तेल टाचणीच्या टोकावर येईल तेवढंच घातलं. मग अंधाऱ्या खोलीत कॅमेऱ्याच्या आत टॉर्च धरला. पडद्यावर तीन चांदण्या दिसल्या. या कॅमेऱ्यात आरसा नसतो. झाकण न लावता उन्हात ठेवला की लेन्स भिंगासारखी सूर्य पडद्यावर एकवटते आणि कापड जळतं. त्या छिद्रांवर काळ्या लवचीक रंगाचा अगदी पातळ थर दिला. जाड थर दिला तर पडदा रुळावर नीट गुंडाळत नाही.

तपासणीला माळ्यावरचा पिक्चर ट्यूबचा टीव्ही कामी आला. लेन्स काढायची, मागची बाजू उघडी ठेवायची, आणि टीव्हीकडे पाहत पाचशेवर खटका दाबायचा. त्या टीव्हीचं चित्र वरून खाली ओळीओळीने रंगतं आणि पडदा आडवा धावतो, म्हणून डोळ्याला क्षणभर प्रकाशाचा तिरका पट्टा दिसतो. पट्टा शेवटपर्यंत सारख्या रुंदीचा असेल तर शटर ठीक. आमचा पट्टा टोकाला जरासा बारीक होता. मगच घड्याळजींनी पहिल्या पडद्याचा स्क्रू किंचित आवळला. पट्टा सरळ झाला.

तो स्क्रू पाहतानाच मला आठवलं. एप्रिल 1979, परीक्षा संपलेली, मी तेरा वर्षांचा. बाबा ड्यूटीवर. मी त्यांचा बारीक स्क्रूड्रायव्हर घेऊन कॅमेऱ्याचा तळ उघडला होता. स्प्रिंग घट्ट केली की शटर जास्त जलद होईल, असं मला वाटलं होतं. दोनपैकी एकच स्क्रू फिरवला, घाबरलो आणि सगळं होतं तसं बंद केलं. कोणाला सांगितलं नाही. नंतर मीच इतका विसरलो की 'बाबांचं बोट' या विनोदावर मीही हसत आलो.

इतिहासाच्या माणसाने आठवणीवर एकदम भरवसा ठेवू नये. म्हणून अल्बम तारखेनुसार लावला. फेब्रुवारी 1979 मधली अमरकंटकची सहल: उन्हातले फोटो, स्वच्छ. मे मधलं लग्न: पट्टी. त्याच वर्षीची दिवाळी: पुन्हा स्वच्छ. ग्रीस घट्ट झालं असतं तर ते आपोआप बरं झालं नसतं. म्हणजे एप्रिलमध्ये काही बिघडलं आणि दिवाळीपूर्वी कोणीतरी ते नीट केलं.

बाबा प्रत्येक रोलची नोंद वहीत ठेवायचे. लग्नाच्या पानावर दिवसाच्या फोटोंपुढे '250' आणि '500' असे आकडे आहेत. पुढच्या पानावर जून महिन्याखाली एकच ओळ आहे: "शटर पाहिले. ठीक." आणि दुसऱ्या पडद्याच्या स्क्रूवर, भिंगातून पाहिलं तर, एक बारीक रेघ ओढलेली आहे. तिच्यासमोर तळपट्टीवर दुसरी रेघ. फिटर लोक एखादा भाग कुठे बसवायचा याची खूण अशी करतात. दोन्ही रेघा समोरासमोर आहेत.

एवढं कागदावर आणि धातूवर आहे. बाबांना बिघाड कळला होता, तो त्यांनी काढला, आणि त्यानंतरही तीसेक वर्षं तर्जनी वर करून ते हसत राहिले. स्क्रू कोणी फिरवला हे त्यांनी ओळखलं होतं का, ते वहीत लिहिलेलं नाही. घरात स्क्रूड्रायव्हरला हात लावणारी माणसं दोनच होती, एवढं मी सांगू शकतो.

मी इंदूरला ताईला फोन केला आणि सगळं सांगितलं. ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "आजी माझ्या उजवीकडेच उभी होती ना?" मी हो म्हणालो. ती म्हणाली, "तिचा हात तरी आहे. पण तू हे बाबा असताना सांगायला हवं होतंस." याला माझ्याकडे उत्तर नव्हतं आणि आजही नाही.

तुमच्याही घरात असे जुने फोटो असतील. कडेला पट्टी, पांढरे ठिपके, वाकडं चाक. ते फेकू नका आणि घाईने कोणावर ठपकाही ठेवू नका. निगेटिव्ह असतील तर तीही जपा. त्यात समोरच्या माणसांसोबत कॅमेऱ्याचीही हकिगत लिहिलेली असते. आणि जुना कॅमेरा उघडणार असाल तर स्क्रू फिरवण्याआधी त्याची खूण करा.

माझा फेड आता पाचशेवर नेमका पाचशे देत नाही, थोडा हळूच चालतो. मी तो तसाच ठेवलाय, स्प्रिंग आणखी आवळायची नाही. चामडी केसमध्ये एक चिठ्ठी घातली आहे: कोणता स्क्रू, किती फिरवला, कोणत्या तारखेला, आणि खाली माझी सही. दिवाळीत ताई येणार आहे. रोल भरून ठेवला आहे.

भेटू पुढच्या भागात. नमस्कार.